रिकाम्या जागा भरा

प्रिय काडी,

नऊ आठवडे झाले, मी तुझ्याकडे फिरकले नाही. इस्पितळात एकदा आले होते, तेव्हा तू गुंगीत होतीस. उशाशी पाच मिनिटं उभी राहिले आणि पळ काढला. नंतर तुझ्या घरी येईन येईन म्हणत राहिले. तुला वाटलं असेल, टकळीला माझा बँडेजमधला हात बघवत नाही. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण आपण दोघींनी बारा वर्षं इस्पितळाचे कपडे धुतले. रक्त, पू, ओकाऱ्या, त्या चादरींत गुंडाळून काय काय येतं ते तुला सांगायला नको. पहिल्या दिवशीसुद्धा मला मळमळलं नव्हतं, तेव्हा तू म्हणाली होतीस की हिचं पोट पत्र्याचं आहे. तीच मी आता बिस्किटाच्या वासानं ओकते. साधं, वरून साखर लावलेलं बिस्किट. परवा मुलीनं पुडा फोडला आणि मला उठून मोरीत जावं लागलं. असं का होतं, तेच सांगायला बसले आहे. रविवारची दुपार आहे, मुलगी मैत्रिणीकडे गेली आहे, घरात कोणी नाही. माझं बोलणं तुला माहीत आहे, मुद्द्यावर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दे.

आधी धुलाईखान्याची खबर. चादरींना इस्त्री करणाऱ्या तुझ्या रोलरवर आता दोन नव्या मुली आहेत, वाळवणीकडून आणलेल्या. चांगल्या आहेत, पण घाबरतात. चादर सारताना हात इतके लांब ठेवतात की किनार दुमडतेच, मग मुकादम ओरडतो. घडीवाली आजी अजून आहे, चार महिन्यांनी तिची नोकरी संपायची आहे. दात एकही उरला नाही, पण घडी अजून तशीच, रेघ मारल्यासारखी. रोज तुझी चौकशी करायची. मी काहीतरी उत्तर द्यायचे.

आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. अलीकडे मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटेनासा झाला आहे, म्हणून एकदा सगळं क्रमानं कागदावर बघायचं आहे. रोलरच्या तोंडाशी, जिथून ओली चादर आत जाते तिथे, एक आडवी पट्टी होती. हात जास्त पुढे गेला की पट्टी ढकलली जायची आणि मशीन जागच्या जागी थांबायची. जुनी झाल्यापासून ती उगाचच थांबायची, चादर जरा जाड आली तरी. मुकादम वैतागला. एका मंगळवारी पाना घेऊन आला, चार बोल्ट काढले आणि पट्टी साबणाच्या पिंपांमागे टाकून दिली. तू म्हणालीस, “सुटले एकदाची.” मीही हसले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारीच, चादरीची किनार तुझ्या बोटांना गुंडाळली गेली आणि रोलरनं हात आत ओढला. मी पलीकडच्या टोकाला चादर झेलत होते. लाल बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. धावले, दाबलं. चार पावलांना इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कारखाने तपासणारा अधिकारी आला. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल. आपल्या मुलखातला नव्हता, त्याला फक्त इंग्रजी येत होतं. पलीकडच्या टोकाला मी होते म्हणून त्यानं मलाच विचारलं. ऑफिसातल्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. मला जे सुचलं ते बोलले, “थ्री वीक बिफोर, गार्ड गो.” गार्ड म्हणजे पट्टी, हा शब्द मशीनवरच लिहिलेला असतो. तो लिहून घ्यायला लागला, तेवढ्यात मॅडम हसल्या. मोठ्यानं नाही, आपलं लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसं. त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, आणि नंतर मला मराठीत सांगितलं की तू काळाचा घोळ केलास, तू म्हणालीस त्याचा अर्थ भलताच निघतो, पण काळजी करू नकोस, तुझा जबाब आपण नीट लेखी देऊ. अधिकारी महिन्याभरानं येतो म्हणून गेला. मला लाज वाटली. तू तिकडे इस्पितळात हातावर दुसरी शस्त्रक्रिया करून घेत होतीस, आणि मला लाज कशाची वाटत होती, तर इंग्रजीची.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. पाळी संपल्यावर अडीच ते साडेतीन. अपघाताच्या मंगळवारी तिथे ज्या ज्या होत्या, त्या आम्ही पाच जणी. बाकी कोणाला बोलावलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. चहा होता, बशीत बिस्किटं होती, आणि एक पांढरा फळा. तुला आठवतं, आपण दोघींनी किती वेळा ऑफिसात जाऊन विचारलं होतं की आम्हाला थोडं इंग्रजी शिकवा? तेव्हा आपल्याला हसून वाटेला लावलं. आता न मागता मिळत होतं.

आणि काडी, त्यांना शिकवता येतं. हे कबूल करायला नको वाटतं, पण खरं आहे. त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, शेवटी ठळक ठिपका दिला आणि म्हणाल्या, हे आज. इथून मागे मोजायचं असेल तर ‘अगो’. मग रेघेवर मधेच दुसरा ठिपका दिला. आजपासून न मोजता त्या ठिपक्यापासून आणखी मागे जायचं असेल तर ‘बिफोर’. एखादी गोष्ट कधी सुरू झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती वेळ चालली ते सांगायचं तर ‘फॉर’. वीस मिनिटांत मला कळलं. जन्मभर ज्या चार शब्दांनी मला छळलं, ते वीस मिनिटांत सरळ झाले.

तुला ते मुलीच्या शाळेतलं सांगितलं होतं का? तिच्या वर्गशिक्षिकेनं घरी कोण कोण असतं विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, “माय हजबंड डाय सिन्स फोर इयर्स.” बाईंनी ओठ घट्ट दाबले.  मुलगी घरी आल्यावर म्हणाली, “आई, तू म्हणालीस त्याचा अर्थ असा होतो की बाबा चार वर्षं मरतायतच.” त्या दिवसापासून मी तिच्या शाळेत गेले नव्हते. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेले आणि तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, “माय हजबंड डाइड फोर इयर्स अगो.” तिनं टाळ्या वाजवल्या. नवरा गेल्याचं वाक्य बोलून मी हसत होते, आणि तू तिकडे चार बोटं गेल्याचं अजून कोणाच्या तोंडून ऐकलंही नव्हतंस.

मॅडमना मी आवडायला लागले. “हुशार बाई आहेस,” म्हणायच्या. उत्तर बरोबर आलं की बशी पुढे सरकवायच्या. त्यांची नखं फार स्वच्छ, हाताला कसल्याशा मलमाचा गोड वास. मी बिस्किट उचलायचे आणि वर बघायचे, आणखी एखादं विचारा म्हणून. माकडाला दाणे टाकतात ना, तसं चाललं होतं, आणि माकड खूश होतं. आता ते चित्र डोळ्यांपुढे आलं की घशाशी येतं. त्यांची किळस येते, पण त्यांच्यापेक्षा त्या वर बघणाऱ्या बाईची जास्त येते.

दुसऱ्या आठवड्यात वाक्यं बदलली. पहिल्या आठवड्यात होतं ते पाऊस, बाजार, शाळा. आता फळ्यावर असायचं, मशीन दोन दिवसांपूर्वी तपासली. गार्ड दोन वर्षांपासून मशीनवर आहे. त्या दिवशी सकाळी मी येण्याआधी तिनं गार्ड काढला. ही ‘ती’ कोण, ते मॅडम सांगत नव्हत्या आणि आम्ही विचारत नव्हतो. पाच जणी एका सुरात म्हणायचो. दोनदा, तीनदा, मग न बघता. आजीनं तिसऱ्या दिवशी उठून सांगितलं, “मॅडम, मला दात नाहीत. इंग्रजी तोंडातून निसटतं. मला सोडा.” सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या, आजी गेली. फाटकापाशी तिनं मला गाठलं आणि विचारलं, “काय गं, तुम्हाला शिकवतायत की पढवतायत?” मी तिच्यावर चिडले. म्हणाले, “तुम्हाला जमत नाही म्हणून दुसऱ्यांनी शिकू नये का?”  ती पिशवी काखेत मारून चालायला लागली.

त्याच सुमाराला नवी पट्टी आली. पिवळी झगझगीत. मुकादम ती मागच्या अंगणात घेऊन बसला होता. मी साबण आणायला गेले तेव्हा पाहिलं. तो चिंधी काळ्या तेलात बुडवायचा, वाळवणीच्या जाळीत साठलेला कापसाचा भुगा तिला लावायचा आणि पट्टीवर घासायचा. मधेच किल्लीनं दोन चरे काढले, लांब धरून बघितले, आणखी एक काढला. कोणी लग्नातल्या भांड्यावर नाव घालावं इतक्या मन लावून. मला बघून म्हणाला, “बघतेस काय, नवी फार डोळ्यात भरते.” मी साबण घेतला आणि आले. काही बोलले नाही. मी, जिला तू जेवताना तरी तोंड मिट म्हणायचीस.

चौथ्या आठवड्यात परीक्षा. मॅडमनी प्रत्येकीला वेगळा कागद दिला. माझ्या कागदावर वर ‘रिकाम्या जागा भरा’ असं होतं आणि खाली दहा वाक्यं. पहिली चार सोपी होती. मी इथे किती वर्षं काम करते, कोणत्या साली लागले, त्या दिवशी किती वाजता आले. पाचवं वाक्य असं होतं की तिनं अपघाताच्या दहा मिनिटं (रिकामी जागा) गार्ड स्वतः काढून ठेवला. माझं पेन थांबलं. तुला खरं सांगते, मला तिथे कळलं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून फसले, असं मी कोणालाही सांगू शकले असते आणि लोकांना पटलंही असतं. पण तीन आठवडे शिकून मला पुरेसं येत होतं. शब्द न् शब्द कळला. ‘ती’ म्हणजे तू, हे कळलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, मलमाचा वास आला, आणि हळूच म्हणाल्या, “विचार कर. अगो की बिफोर?” आणि मी विचार केला. काडी, मी खरोखरच तेवढाच विचार केला. मोजणी आजपासून नाही, अपघातापासून आहे, म्हणून ‘अगो’ चालणार नाही. मी ‘बिफोर’ लिहिलं. बरोबर होतं.

दहापैकी दहा मिळाले. लाल शाईत. मग मॅडम म्हणाल्या, हेच आता कोऱ्या कागदावर सुवाच्य उतरव आणि खाली सही कर, म्हणजे साहेबांना दाखवता येईल. मी उतरवलं. सही केली. वळणदार केली, सावकाश. अधिकारी आला तेव्हा त्यानं मला उभं केलं आणि वाचायला लावलं. मी वाचलं, कुठे अडखळले नाही. तो म्हणाला, “नाऊ इट इज व्हेरी क्लिअर.” मॅडमनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम आपल्या बुटांकडे बघत होता. पिवळी पट्टी जागेवर होती, दोन वर्षं तिथेच असल्यासारखी मळकट.

त्यानंतर मला रोलरवरून काढून मोजणीच्या टेबलावर बसवलं. खुर्ची आहे, पंखा आहे, चादरी दुसऱ्या आणून देतात. एक प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव सोनेरी शाईत. मुलीनं ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. जेवताना ते बरोबर माझ्या समोर यायचं. मी जागा बदलली, तर पाठीला जाणवायचं. सगळ्याची शिसारी यायला लागली. त्या खुर्चीची, माझ्या स्वच्छ राहणाऱ्या हातांची, साबणाची, दुपारच्या चहाची. आंघोळ करून आले तरी घाण वाटायचं. वर्गात उरलेल्या आम्ही चौघी एकमेकींशी बोलेनाशा झालो. आमच्यात भांडण नव्हतं. नुसती नजर टाळायची, एकाच मोरीतून सगळ्या बरबटून आल्यासारख्या.

मग गेल्या पंधरवड्यात तुझा भाऊ आला. तुझ्या कप्प्यातला डबा आणि चपला न्यायला. मीच काढून दिल्या, चावी माझ्याकडे होती. त्यानं सांगितलं की तुझं प्रकरण बंद झालं, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला असं पत्र आलं आहे, आणि बरोबर काम करणाऱ्या कोणीतरी तसा लेखी जबाब दिला आहे. नाव त्यात नाही. मग म्हणाला, “ताई म्हणते, कोणी काही लिहू दे, टकळीला विचारा, ती तिथेच होती, ती खरं सांगेल.” तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी डबा पिशवीत घातला, चपला कागदात गुंडाळल्या, पिशवीला गाठ मारली. म्हणाले, “झाकण घट्ट बसत नाही, सांभाळून ने.” एवढंच म्हणाले. तो गेल्यावर मी मोजणीच्या टेबलावरच ओकले, धुतलेल्या चादरींवर.

आजीनं पुसून घेतलं.  पुसून झाल्यावर मीच तिला सगळं सांगितलं, पाचव्या वाक्यापर्यंत. तिनं तोंड वाकडं केलं. एखाद्या चादरीत नको ते सापडल्यावर करते ना, तसं. मग म्हणाली, “चादर खराब झाली तर आपण काय करतो? परत ड्रममध्ये टाकतो. चल.” दुसऱ्या दिवशी दोघींनी खाडा केला आणि त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेलो. जिना चढून तिसरा मजला, बाहेर लाकडी बाकडं, तिथे दोन तास बसलो. मी घरून एक कागद लिहून आणला होता. मुलीला दाखवला नव्हता. ‘गार्ड वॉज रिमूव्ड थ्री वीक्स बिफोर द अॅक्सिडेंट.’ खाली कोणी काढला, कुठे टाकला, नवा कसा जुना केला, आणि काढला तेव्हा आम्ही दोघी खूश होऊन हसलो, तेही. ते मी मुद्दाम घातलं. आता एक शब्दही झाकायचा नव्हता.

त्यानं वाचलं. पहिला जबाब काढून शेजारी ठेवला. दोन्हीकडे माझीच सही, पहिली वळणदार, दुसरी वाकडी. पहिला खोटा आहे हे तुला कधी समजलं, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, “बिफोर आय साइन्ड.” त्यानं चष्मा काढला.  त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण मी ते रोज आरशात बघते. मग त्यानं आपली भाषा येणारा एक कारकून बोलावून आजीला विचारायला लावलं. आजीनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. तीन बोटं वर केली, म्हणाली, “तीन आठवडे. आणि जुनी पट्टी पिंपांमागे नाही, माझ्या कपाटात आहे. मी उचलून ठेवली. मला वाटलंच होतं.” कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा अधिकारी पहिल्यांदा ताठ बसला. शनिवारी त्यांनी ती पट्टी नेली. धुलाईखान्यातून मला आणि आजीला कामावर येऊ नका असं सांगितलं आहे. मुलीला काल सगळं सांगितलं. तिनं उठून प्रमाणपत्र उतरवलं.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती मागायची माझी लायकी नाही, आणि तू देऊन टाकशील याचीच मला भीती आहे. लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या गुरुवारी सकाळी तो अधिकारी तुझ्या घरी येणार आहे, तुझा जबाब घ्यायला. बरोबर आपली भाषा येणारा कारकून असेल, मी तसं मागून घेतलं आहे, म्हणून तू मराठीतच बोल, कोणी काही शिकवायला आलं तर दार लाव. तो तुला पहिला जबाब वाचून दाखवेल, सहीसकट. ते नाव तू पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकू नयेस. आणि मी तुला ओळखते. बारा वर्षं माझ्या चुकांवर तू पांघरूण घातलंस, जळक्या चादरी आपल्या गठ्ठ्यात लपवल्यास. गुरुवारीही म्हणशील, तिला इंग्रजी येत नाही हो, तिला फसवलं. म्हणू नकोस. मला येत होतं. तो विचारेल, पट्टी काढली आहे हे कोणाकोणाला माहीत होतं. तेव्हा मुकादमाचं नाव सांग, मॅडमचं सांग, आणि त्यांच्याबरोबर माझंही सांग.

तुझीच,
टकळी